‘वॉश’ म्हटलं की मळ जातो कुठे?

एकाच दिवसाच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मनी लाँडरिंगची बातमी असते, अर्थविषयक पानावर ग्रीनवॉशिंगची, क्रीडा पानावर व्हाइटवॉशची आणि जिल्ह्याच्या पानावर ओढ्यात सोडलेल्या स्पेंट वॉशची. त्याच दिवशी घरातल्या गप्पांमध्ये कुणीतरी म्हणून जातं, ‘त्याचं पार ब्रेनवॉश झालंय.’ वॉश म्हणजे धुणं, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. तरीही या बातम्या वाचताना नेमकं काय धुतलं गेलं, कुणी धुतलं आणि त्यात गुन्हा कोणता, हे अनेकांना उलगडत नाही. दोष वाचकाचा नाही. एकाच शब्दाच्या पोटात चार-पाच वेगळ्या क्रिया भरल्या आहेत आणि त्यातल्या काही तर एकमेकींच्या उलट आहेत.

या सगळ्यांना मी एकच प्रश्न लावतो: मळ गेला कुठे? खरोखर निघाला, झाकला गेला, दुसऱ्याच्या दारात गेला, की जागेवरच राहून फक्त त्याचा माग पुसला गेला? एवढं विचारलं की बातमी बरीच सुटते.

धुऊन काढणं आणि वरून हात देणं

इंग्रजीत वॉश या एका शब्दाखाली दोन कामं येतात. पहिलं आपल्या ओळखीचं: पाणी, साबण, घासणं आणि मळ वाहून जाणं. दुसरं म्हणजे पातळ थर चढवणं. जलरंगात चित्रकार कागदावर पाणीदार रंगाचा एकसारखा थर पसरवतो, त्यालाही वॉशच म्हणतात. आपल्याकडचे चित्रकलेचे विद्यार्थीही ‘आधी आकाशाचा वॉश मार’ असंच बोलतात. त्या कागदावरून काहीही निघालेलं नसतं, उलट काहीतरी चढलेलं असतं.

व्हाइटवॉश याच दुसऱ्या घराण्यातला. भिंतीला चुना देणं. दिवाळीआधी कळीचा चुना पिंपात भिजवायचा, तो फसफसून गरम व्हायचा, गार झाला की गाळून त्यात थोडी नीळ घालायची आणि कुंच्याने भिंतीवर हात द्यायचे, हे काम ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. ओला असताना तो थर जवळजवळ दिसतच नाही. वाळता वाळता पांढरा पडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्या चुन्याचा पुन्हा चुनखडीसारखा कडक थर होतो. आणि चुना अल्कधर्मी असल्यामुळे भिंतीवरची बुरशी, जंतू यांनाही तो रोखतो. म्हणजे भिंतीचा व्हाइटवॉश ही लबाडी नव्हती. घराच्या आरोग्याचंच काम होतं ते.

पण त्याच हाताखाली डाग आणि भेगाही झाकल्या जातात. म्हणून इंग्रजीत ‘व्हाइटवॉश करणं’ याला चुका दडपून वरून उजळ दाखवणं असा अर्थ चिकटला. चौकशी समितीने सगळ्यांना निर्दोष ठरवणारा अहवाल दिला की तो ‘व्हाइटवॉश’ असल्याची टीका होते ती या अर्थाने.

क्रिकेटमधला व्हाइटवॉश मात्र वेगळा. तिथे कुणी काही लपवत नाही. मालिकेतले सगळे सामने एकाच संघाने जिंकले आणि दुसऱ्याची पाटी कोरी राहिली, एवढाच अर्थ. न्यूझीलंडने २०२४ मध्ये भारताला भारतातच ३-० असं हरवलं. शेवटचा सामना मुंबईत वानखेडेवर झाला आणि ३ नोव्हेंबरला भारत २५ धावांनी हरला. मायदेशातल्या तीन कसोटींच्या मालिकेत सगळे सामने गमावण्याची भारताची ती पहिलीच वेळ. मराठी क्रीडा पानांवर यासाठी ‘निर्भेळ यश’ हा नेटका शब्दही आहे.

ग्रीनवॉशिंग: हिरवा चुना

ग्रीनवॉशिंग हा शब्द व्हाइटवॉशवरून घडवला आहे, हात धुण्यावरून नाही. हे लक्षात ठेवलं तर अर्थ चुकत नाही. एखादी वस्तू किंवा कंपनी पर्यावरणासाठी जितकी चांगली आहे त्यापेक्षा जास्त चांगली भासवणं, म्हणजे ग्रीनवॉशिंग.

हा शब्द रूढ केला तो जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्याने, १९८६ मध्ये. निमित्त होतं हॉटेलच्या न्हाणीघरातलं एक कार्ड: पृथ्वी वाचवायची तर टॉवेल पुन्हा वापरा. टॉवेल पुन्हा वापरणं चांगलंच आहे. त्याचा आक्षेप असा होता की बाकी कारभारात पर्यावरणाची पर्वा न करणारा हॉटेल-उद्योग धुलाईचा खर्च वाचवतो आणि श्रेय पृथ्वी वाचवल्याचं घेतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण मोटारींचं. फोक्सवॅगन कंपनी अमेरिकेत ‘क्लीन डिझेल’ म्हणून गाड्या विकत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने उघड केलं की या गाड्यांमधलं सॉफ्टवेअर धुराची चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करायचं. रस्त्यावर त्याच गाड्या नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडत होत्या. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये हे सॉफ्टवेअर होतं. मळ तिथेच, नळीतून बाहेर पडत होता. फक्त मोजणाऱ्यासमोर नव्हता.

आपल्याकडे आता यावर नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्रीनवॉशिंग रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’, ‘कार्बन न्यूट्रल’ असे मोघम शब्द नुसते छापून चालणार नाहीत. दावा कशाबद्दल आहे, संपूर्ण वस्तूबद्दल की फक्त वेष्टनाबद्दल, हे सांगावं लागेल आणि पुरावा ग्राहकाला पाहता येईल असा ठेवावा लागेल, निदान क्यूआर कोड किंवा संकेतस्थळाच्या पत्त्यावर तरी. ‘अमुक वर्षापर्यंत आम्ही प्रदूषणमुक्त होऊ’ असं भविष्यातलं वचन द्यायचं असेल तर तिथवर पोचायचा ठोस आराखडा हवा. फसव्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बाजारातली पिशवी घेऊन हे तपासता येतं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली आणि त्यानंतर ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या हिरव्या छपाईच्या पिशव्या सर्रास दिसू लागल्या. अशी पिशवी हातात आली की दोन गोष्टी बघा: तिच्यावर आयएस १७०८८ हे मानक छापलंय का, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का. हे नसेल तर तो हिरवा रंग म्हणजे नुसती शाई. आणि हे असलं तरी अर्धीच गोष्ट झाली. हे मानक औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातल्या परिस्थितीसाठी आहे, जिथे ढीग ५०-६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. गटारात अडकलेली किंवा समुद्रात गेलेली पिशवी त्या वेगाने कुजेल ही अपेक्षा चुकीची आहे. दावा खरा असतो, पण आपल्या गावात तो खरा ठरण्याची सोयच नसते. ग्रीनवॉशिंगचा हा प्रकार मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण यात खोटा शब्द एकही नसतो.

‘मग हिरवा दिसणारा प्रत्येक दावा खोटाच का?’

अजिबात नाही. विजेच्या उपकरणांवरचं तारांकित लेबल घ्या. त्यावर वर्षाला किती युनिट वीज लागेल हे आकड्यात छापलेलं असतं आणि ते मोजण्याची पद्धत ठरलेली असते. आकडा, मोजण्याची पद्धत आणि खोटं ठरल्यास जबाबदार कोण, या तीन गोष्टी असतील तर दाव्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. पानाचं चित्र आणि ‘निसर्गाच्या कुशीतून’ एवढंच असेल, तर किंमत वाढवून देण्याचं कारण नाही.

याच नमुन्यावर पुढे बरेच शब्द आले. निंदा होत असलेल्या राजवटीने मोठ्या क्रीडास्पर्धा भरवून प्रतिमा उजळणं म्हणजे स्पोर्ट्सवॉशिंग. २०१५ मध्ये अझरबैजानात बाकूला झालेल्या युरोपियन गेम्सच्या वेळी हा शब्द पुढे आला आणि कतारच्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात घरोघरी पोचला. कंपन्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याआड उभं राहून प्रतिमा उजळणं म्हणजे ब्लूवॉशिंग. रंग बदलतो, कुंचा तोच.

मनी लाँडरिंग: मळ आत, पावती बाहेर

लाँडरिंग म्हणजे कपडे धुणं. वॉशचं सख्खं भावंड. इथे चुना देणं नाही आणि मळ काढणंही नाही. इथे मागमूस पुसला जातो.

खंडणी, लाच, अमली पदार्थ, ऑनलाइन फसवणूक यांतून आलेला पैसा गुन्हेगाराला थेट वापरता येत नाही. पाच कोटींचा फ्लॅट रोखीने घेतला की पहिला प्रश्न येतो: पैसे आणले कुठून? त्या प्रश्नाला खरं वाटेल असं उत्तर तयार करणं म्हणजे मनी लाँडरिंग.

समजा, कुणी रात्री दुसऱ्याच्या शेतातला ऊस तोडून आणला आणि स्वतःच्या रसवंतीत स्वतःच्या उसाबरोबर घाण्यात घातला. भांड्यात रस एकच. गिऱ्हाईक ग्लासाचे पैसे देतं, वहीत विक्री लागते. संध्याकाळी गल्ल्यात चारपट पैसे असले तर उत्तर तयार: आज उन्हामुळे गर्दी होती. चोरीचा ऊस कुठला, हे त्या रसातून आता कुणालाही वेगळं काढता येणार नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच तीन टप्प्यांत होतं. आधी रोकड बँकेत किंवा धंद्यात शिरवायची. मग ती कागदी कंपन्या, नातेवाइकांची खाती, परदेशी खाती, आभासी चलन अशी फिरवत न्यायची, म्हणजे शोधणारा दमून जावा. आणि शेवटी ती पगार, कर्ज, गुंतवणूक किंवा जमीनविक्रीच्या रूपात उजळ माथ्याने परत आणायची. मधला टप्पा सगळ्यात लांब आणि तपासाला सगळ्यात अवघड.

काळा पैसा आणि मनी लाँडरिंग हे एकच, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. दुकानदाराने प्रामाणिकपणे माल विकला पण काही विक्री वहीत दाखवली नाही, तर तो करचुकवेगिरीचा काळा पैसा. कमाई कायदेशीर, लपवणं बेकायदा. मनी लाँडरिंगमध्ये मूळ कमाईच गुन्ह्यातून आलेली असते. म्हणूनच मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात मूळ गुन्ह्यांची एक यादी जोडलेली आहे आणि त्या यादीतला गुन्हा असल्याशिवाय हा कायदा लागू होत नाही. हा कायदा २००२ चा, अमलात आला १ जुलै २००५ पासून, आणि तपास सक्तवसुली संचालनालय म्हणजे ईडी करते. शिक्षा ३ ते ७ वर्षं सक्तमजुरी. अमली पदार्थांशी संबंध असेल तर १० वर्षांपर्यंत.

बातम्यांत ‘मालमत्तेवर टाच’ असं येतं. टाच म्हणजे जप्ती नव्हे. मालकाला ती मालमत्ता विकता किंवा कुणाच्या नावावर करता येत नाही, एवढंच. ही तात्पुरती टाच १८० दिवसांपर्यंत टिकते. तेवढ्यात कायद्याने नेमलेल्या निर्णय प्राधिकरणाने ती कायम केली नाही तर उठते. अंतिम जप्ती पुढे, न्यायालयात गुन्हा ठरल्यावर. आणि फसवणूक झालेल्यांना त्यातून पैसे परत मिळण्याची तरतूदही कायद्यात आहे. ठेवीदारांना ही शेवटची गोष्ट कुणी नीट सांगत नाही. ती माहीत असायलाच हवी.

‘मी तर फक्त खातं वापरायला दिलं’

सामान्य माणसाचा मनी लाँडरिंगशी संबंध येतो तो इथे, आणि म्हणून यावर जरा थांबतो.

कॉलेजातल्या मुलाला ओळखीचा कुणी म्हणतो: तुझं बँक खातं महिनाभर दे, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड माझ्याकडे राहील, तुला काही हजार मिळतील. किंवा टेलिग्रामवर ‘घरबसल्या काम’ येतं: खात्यात पैसे येतील, स्वतःचं कमिशन ठेवून बाकीचे पुढे पाठव. येणारे पैसे अनेकदा ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसी अटकेच्या, धाकाने लुटलेल्या एखाद्या निवृत्त माणसाचे असतात. काही मिनिटांत ते दहा-वीस खात्यांतून पुढे जातात. अशा उसन्या खात्याला म्यूल खातं म्हणतात; म्यूल म्हणजे खेचर, ओझं वाहणारं जनावर. मधल्या टप्प्याची साखळी अशाच खात्यांची बनते.

‘मला कुठे माहीत होतं पैसे कुणाचे?’ हा बचाव पुढे होऊ शकतो, पण त्याआधी खातं गोठतं, फसवणुकीच्या गुन्ह्यात नाव येतं आणि पोलीस पहिले पोचतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याकडे. खरा सूत्रधार फार लांब असतो. घरातल्या मुलांना हे आजच सांगा. आणि कुणी फसलंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा; पैसा पहिल्या-दुसऱ्या खात्यात असेतोवरच तो अडवता येतो.

बँक दर थोड्या वर्षांनी केवायसीसाठी का बोलावते, याचंही उत्तर यातच आहे. १० लाख रुपयांवरचे रोखीचे व्यवहार बँकेला केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला कळवावेच लागतात. रक्कम तोडून महिन्याभरात थोडी थोडी भरली तरी एकमेकांशी जोडलेले व्यवहार एकत्र मोजले जातात. संशयास्पद वाटलं तर रक्कम लहान असली तरी कळवावं लागतं.

‘हा कायदा फार कडक नाही का?’

आहे, आणि हा आक्षेप हलका नाही. या कायद्यात जामीन मिळायचा तर आरोपी सकृद्दर्शनी दोषी नाही आणि बाहेर आल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ही अट घटनाबाह्य ठरवली होती. संसदेने २०१८ मध्ये दुरुस्ती केली आणि २७ जुलै २०२२ च्या निकालात न्यायालयाने ती वैध ठरवली. त्याच निकालात असंही म्हटलंय की मूळ गुन्ह्यातून आरोपी निर्दोष सुटला, तर मनी लाँडरिंगचा खटलाही उभा राहू शकत नाही. अमली पदार्थांच्या जागतिक टोळ्यांसाठी सुरू झालेल्या या व्यवस्थेच्या यादीत आज कितीतरी प्रकारचे गुन्हे आहेत. माझं मत असं की यादी इतकी लांबवली की जामिनाची ही कडक अट प्रत्येक गुन्ह्याला शोभत नाही. पण म्हणून लाँडरिंग हा गुन्हा किरकोळ ठरत नाही. लुटलेला पैसा लपवता आला नसता तर लुटीचा धंदा इतका वाढलाच नसता.

शेअर बाजारातला वॉश आणि डोक्यातला वॉश

शेअर बाजारात वॉश ट्रेड म्हणतात त्यात काहीच हलत नाही. एकाच टोळीतले चौघे एखादा फारसा न विकला जाणारा शेअर आपापसांत फिरवतात: २० रुपयांना, मग २२, मग २५. शेअर टोळीतच, पैसाही टोळीतच. बाहेरच्याला मात्र पडद्यावर दिसतं की उलाढाल वाढली, भाव चढतोय. तो धावत येऊन २८ ला घेतो आणि तेव्हा टोळी पहिल्यांदा खरोखर विकते. मालकी बदलण्याचा हेतूच नसलेला असा व्यवहार शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २००३ च्या फसवणूक प्रतिबंधक नियमांत निषिद्ध आहे. अचानक उसळलेल्या छोट्या शेअरचा ‘टिप’ म्हणून मेसेज आला की आधी ही शक्यता धरावी.

ब्रेनवॉश हा शब्द चिनी भाषेतून आला. तिथे ‘शी नाओ’ म्हणजे शब्दशः मेंदू धुणं. एडवर्ड हंटर या अमेरिकी पत्रकाराने तो १९५० मध्ये इंग्रजीत आणला. कोरियाचं युद्ध सुरू होतं. युद्ध संपल्यावर २१ अमेरिकी युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला तेव्हा अमेरिकेत एकच घबराट उडाली: शत्रूकडे डोकं धुवायचं काही तंत्र आहे! अभ्यासकांना तसं जादुई तंत्र सापडलं नाही. सापडलं ते जुनंच: माणसाला एकटं पाडणं, झोप आणि अन्न तोडणं, पुन्हा पुन्हा कबुलीजबाब लिहून घेणं, गटाचा दबाव. सोडवून आणल्यावर बहुतेकांवरचा परिणाम ओसरला. एखाद्याचं मत आपल्याविरुद्ध गेलं की ‘ब्रेनवॉश झालंय’ म्हणणं त्यामुळेच अन्यायाचं आहे. माणसाला कोंडून ठेवलं होतं का, त्याची इतरांशी भेट तोडली होती का, हे आधी विचारावं. तसं काही नसेल तर तो आपल्याशी असहमत आहे, इतकंच.

साखर कारखान्याच्या मागचा वॉश

आता महाराष्ट्राच्या अगदी जवळचा अर्थ. ऊस पट्ट्यात राहणाऱ्याला स्पेंट वॉश शब्द माहीत असतो, कारण त्याचा वास माहीत असतो.

साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या घट्ट काळ्या मोलॅसिसमध्ये, म्हणजे मळीमध्ये, पाणी आणि यीस्ट घालून ते आंबवलं जातं. या आंबलेल्या द्रवाला डिस्टिलरीत ‘वॉश’ म्हणतात. त्यात साधारण ७ ते १० टक्के अल्कोहोल असतं. ते ऊर्ध्वपातनाने काढून घेतलं की मागे राहतो तो वापरून झालेला वॉश, म्हणजे स्पेंट वॉश. दाट तपकिरी, आम्लधर्मी, गरम आणि उग्र वासाचा. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो.

तो नदीत गेला तर मासे विषाने मरत नाहीत, गुदमरून मरतात. पाण्यातले जिवाणू त्यातले सेंद्रिय पदार्थ खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. पाण्याला किती ऑक्सिजन लागेल हे मोजण्याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २००-३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. कच्च्या स्पेंट वॉशचा ४० ते ५० हजार आणि त्याहूनही जास्त. म्हणून एक टँकर ओढ्यात रिकामा केला तरी मैलभर पाणी मरू शकतं. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी मेलेल्या माशांच्या बातम्या येतात तेव्हा दर वेळी कारण हेच असतं असं नाही. शहरांचं न शुद्ध केलेलं सांडपाणीही तितकंच दोषी आहे. पण ‘मळीमिश्रित पाणी’ हा शब्द त्या बातम्यांत वारंवार का येतो, हे या आकड्यांवरून कळावं.

‘इथेनॉल तर हिरवं इंधन आहे ना?’

पेट्रोलमध्ये इथेनॉलचं, म्हणजे डिस्टिलरीतल्या याच अल्कोहोलचं, प्रमाण २०१४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होतं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. तेवढ्या तेलाची आयात वाचली, कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना पैसा मिळाला, हे खरं आहे. पण इंधनाचा हिरवेपणा गाडीच्या टाकीपाशी मोजून भागत नाही, डिस्टिलरीच्या मागच्या बाजूला जाऊन मोजावा लागतो. नियमानुसार डिस्टिलरीतून बाहेर एक थेंबही सोडायचा नसतो. त्यासाठी उपायही आहेत: आधी त्यातून बायोगॅस काढायचा, मग उरलेलं आटवून घट्ट करायचं आणि प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात, मिसळून खत करायचं किंवा खास बॉयलरमध्ये जाळायचं. जाळल्यावरच्या राखेत पोटॅश असतं. भारत पोटॅशसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे आणि या राखेपासूनच्या पोटॅशला केंद्राने २०२१ मध्ये खत अनुदानाच्या योजनेत घेतलं. उसाने जमिनीतून उचललेलं पोटॅश परत उसाच्या जमिनीत.

या सगळ्याला यंत्रं लागतात, वीज लागते, खर्च येतो. यंत्रणा बसवलेली असणं आणि ती हंगामाचे सगळे महिने चालू असणं यांत फरक आहे. रात्री, पावसाळ्याच्या तोंडावर, साठवण तळी भरल्यावर काय होतं हे काठावरच्या गावांनाच आधी कळतं. त्यांच्या तक्रारीला ‘विकासविरोधी’ म्हणून बाजूला सारणं मला अतिशय चीड आणतं.

आणि खरोखरचं धुणं

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात वॉश (वॉटर, सॅनिटेशन, हायजीन) हा शब्द पाणी, स्वच्छतागृहं आणि आरोग्याच्या सवयी या तिन्हींसाठी मिळून वापरतात. त्यातल्या हात धुण्याची गाजलेली कथा व्हिएन्नातली आहे. तिथल्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावलं. एप्रिलमध्ये तिथल्या बाळंतिणींचा मृत्यूदर १८ टक्क्यांच्या आसपास होता. जूनमध्ये तो २ टक्क्यांच्या जवळ आला. जंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्यही झालेला नव्हता. या लेखातल्या सगळ्या वॉशमध्ये मळ खरोखर निघाला आणि जीव वाचले, असा हा एकच.

पण इथेही तोच प्रश्न विचारावा लागतो. हात धुतले, शौचालय धुतलं, पुढे? मोठ्या शहरांतल्या काही भागांत भुयारी गटार, बाकी बऱ्याच ठिकाणी सेप्टिक टँक. तो भरला की कुणाला तरी बोलावलं जातं. माणसाला संरक्षणाशिवाय गटारात किंवा टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही माणसं उतरवली जातात आणि विषारी वायूने मरतात, मुंबई-पुण्यातही. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली आणि ही प्रथा पूर्ण संपवण्याचे आदेश दिले.

सोसायटीची टाकी उपसायची वेळ आली की फोनवर दरासोबत दोन गोष्टी विचारून घ्या: उपसा पूर्णपणे मशिनने होणार का, आणि गाडी रिकामी कुठल्या शुद्धीकरण केंद्रावर होणार. माणूस उतरेल असं उत्तर आलं तर काम देऊ नका. केंद्राचं नाव सांगता येत नसेल, तर ती गाडी जवळच्या नाल्यावर जाणार हे धरून चाला आणि दुसरा नंबर लावा.